चिमुकल्या विमानाचा मोठा आवाज

मंडळी, एके काळी आपल्याकडे इंजिनावर पिठाच्या गिरण्या चालत. त्यांचा पुकपुक आवाज पार शिवारापर्यंत जाई. ज्याला दळण हवे, त्याला तो गोड वाटे. पण गिरणीशेजारी जो आजारी निजलेला असे, त्याला विचारा! एकाची सोय ती दुसऱ्याचा ताप. हाच तंटा परदेशांत एका खेळण्यापायी उभा राहिला. त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

हे खेळणे म्हणजे इंजिनाचे छोटे विमान. जमिनीवर उभे राहून ते बिनतारी संदेशाने चालवायचे. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये असे विमान उडवून दाखवले. पुढे १९४७ च्या सुमारास रे आर्डेन यांचा तापत्या तारेचा ‘ग्लो प्लग’ बाजारात आला. इंजिनाला कॉइलचे ओझे उरले नाही आणि छंद फोफावला. या इंजिनांच्या इंधनात आपले ओळखीचे एरंडेलही असते बरं का! इंजिन मुठीएवढे, पण फेरे मिनिटाला दहा-पंधरा हजार, आणि धुराड्याचे तोंड उघडेच. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी येणारच. मैदान टिकवायचे तर आवाज आवरणे भाग होते.

उपायाचे मूळ जुने होते. मशीनगनचे जनक हायरम मॅक्सिम बंदुकांच्या धडाक्यांनी अखेर बहिरे झाले. त्यांचेच चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या ‘सायलेन्सर’चे पेटंट घेतले. आपल्या नेमबाजीचा इतरांना उपद्रव होऊ नये, ही त्यांची तळमळ. पुढे इंजिनांचा आवाजही त्यांनी असाच दाबला. गंमत अशी, की १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी बिनतारीवाल्यांची संघटना उभारणाऱ्यांतही हेच गृहस्थ होते!

सायलेन्सरचे तत्त्व शेतकऱ्याला सांगायला नको. मोटेचे पाणी आपण एकदम पाटात सोडत नाही. आधी थारोळ्यात पाडतो. तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते शांतपणे पाटाला लागते. इंजिनाचा तापलेला वायू तसाच आधी डब्यात पसरतो, जोर ओसरल्यावर बारीक नळीतून बाहेर पडतो.

पण धुराडे शांत केले, तरी गोंगाट पुरता जाईना. कारण पंखाही ओरडतो! १० इंची पंखा मिनिटाला १५,००० फेरे घेऊ लागला, की त्याचे टोक सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने हवा कापते. तोच पंखा १२ इंची केला आणि फेरे १०,००० वर आणले, तर हा वेग १६० मीटरांवर येतो, कर्कशपणा उतरतो. शिवाय विमानाची पोकळ काया ढोलासारखी घुमते, म्हणून इंजिनाखाली रबर बसवतात.

ब्रिटनमध्ये १९८२ च्या सरकारी आचारसंहितेने ७ मीटरांवर ८२ डेसिबल ही मर्यादा सांगितली. आज विजेच्या मोटारीही आल्या आहेत. धुराड्याचा प्रश्नच मिटला. पंखा मात्र अजून बोलतो.

गुरुजी, मुलांना हे शिकवताना थारोळे जरूर दाखवा. आणि एवढे सांगा, की आवाज कमी करण्याची युक्ती यंत्रशाळेत सापडते खरी, पण ती शोधण्याची बुद्धी होते ती शेजाऱ्याची आठवण ठेवल्यावरच.