अकीक, ढोल आणि धूळ

गेली तीन वर्षे आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक ढोल फिरतो आहे. वाजवायचा ढोल नव्हे. पाण्याच्या जाड पीव्हीसी नळाचा वीतभर लांबीचा तुकडा, दोन्ही तोंडे बंद केलेला. त्यात गोदावरीच्या पात्रातून वेचलेल्या गारगोट्या, वाटीभर कार्बोरंडम पावडर आणि पाणी. ढोल रात्रंदिवस फिरतो आणि दगड एकमेकांवर घासत राहतात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी येऊन विचारून गेल्या, "बाई, पिठाची गिरणी टाकली का काय?"

मी इतिहासाची शिक्षिका. यंत्रांशी माझा संबंध शिलाई मशीनपलीकडे कधी आला नव्हता. तरी या वयात हा खटाटोप करावासा वाटला, तो एका जुन्या प्रश्नामुळे.

'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ आपल्याकडे सातवाहनांचा धडा शिकवताना हमखास येतो. त्याच्या अनाम लेखकाने भडोच बंदराचे, म्हणजे बॅरिगाझाचे, वर्णन करताना दक्षिणेतल्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. तगरहून कापड जाई आणि पैठणहून अकीक. तोही गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून.

हे मी वर्षानुवर्षे शिकवले. एकदा सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, नदीत फुकट पडलेला दगड गाडीत घालून वीस दिवस कशाला नेतात?" वर्ग हसला. मी 'तिकडे त्याला भाव होता' असे काहीतरी सांगून पुढे गेले. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते आणि माझेही.

दगड कुठला?

त्याच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर साचले. थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि आतल्या भिंतींवर थरावर थर बसत गेले. हाच अकीक. काप घेतला की दिसणाऱ्या वळ्या म्हणजे ते थर. भोवतालचा काळा पाषाण ऊनपावसाने झिजून माती होतो, अकीक मात्र तसाच राहतो आणि वाहत नदीत येतो. म्हणून गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या पात्रांत तो पायाखाली सापडतो.

माणसाने त्याची पारख फार पूर्वी केली. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केले. तिथे अश्मयुगातल्या माणसाने याच जातीच्या दगडांची हत्यारे केलेली आढळली. सातवाहनकाळापर्यंत हत्यारे मागे पडली होती आणि अकिकाचे मणी आले होते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात तर हस्तिदंती बाहुलीपाशी सगळे थांबतात. मण्यांच्या पेटीपाशीही जरा थांबावे.

तिथेच मला तो प्रश्न पुन्हा आठवला. नदीतली गारगोटी खडबडीत आणि मळकट असते. पेटीतला मणी दोन हजार वर्षांनंतरही लखलखतो. या दोन्हींच्या मधे काय घडले?

पोलादी चाकूचा ओरखडा अकिकावर उठत नाही. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांत तो सातवीच्या आसपास येतो. त्याला घासायचे तर त्याहून कठीण काहीतरी हवे. आपल्याकडे ते होते, ते म्हणजे नवव्या पायरीवरचे कुरुंद. धार लावणाऱ्यांच्या चाकामुळे हा शब्द आपल्या कानावरून गेलेला असतो. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम आणि तिथूनच इंग्रजीत गेलेले कोरंडम. दगड घासण्याची विद्या या भूमीत किती मुरलेली होती, हे त्या एका शब्दाच्या प्रवासावरून कळते. मी वापरते ते कार्बोरंडम मात्र अलीकडचे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत ते तयार केले.

कातडी पिशवी आणि दोन माणसे

सातवाहनांच्या कारागिरांनी आपली कृती लिहून ठेवलेली नाही. पण अकिकाची परंपरा न तुटता टिकली ती गुजरातेत, खंबायतला. तिथला दगड येतो भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातून, राजपिपळ्याच्या डोंगरांतून. म्हणजे आपल्याच दख्खनी पाषाणाच्या उत्तरेकडच्या टोकातून. तिथल्या टेकडीवर बाबा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे आणि अकिकाच्या धंद्याची त्यांच्यावर श्रद्धा आहे.

खंबायतच्या कामाचे तपशील एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये आहेत. पुढे मार्क केनोयर, मास्सिमो विदाले आणि कुलदीप भान या पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या कारागिरांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हडप्पाकालीन मणी कसे घडले असतील, हे त्यांना जिवंत हातांकडून समजून घ्यायचे होते.

कृती अशी. दगड उन्हात वाळवायचे, मग मडक्यात घालून शेणाच्या मंद आगीत भाजायचे. आतल्या लोहामुळे पिवळट दगड लाल होतो. नंतर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकावर दगड धरायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून टोला द्यायचा. टवका उडतो तो खिळ्याच्या बाजूने. असे टवके काढत मण्याचा आकार आला की तो घासायचा, भोक पाडायचे आणि मग शेवटचे काम, चकाकी.

ही चकाकी काढायची रीत वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. शेकडो मणी एका भक्कम कातडी पिशवीत भरायचे. त्यात कुरुंदाच्या जातीची पूड, अकिकाची बारीक भुकटी आणि पाणी. तोंड घट्ट बांधायचे. पिशवीभोवती कातडी पट्टा घ्यायचा आणि खोलीच्या दोन टोकांना दोन माणसांनी समोरासमोर बसून ती एकमेकांकडे ओढत राहायचे. एकाने ओढली की पिशवी इकडे गडगडत येते, दुसऱ्याने ओढली की तिकडे. असे दहा ते पंधरा दिवस.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी आहे असे वाटले. पण वाचून कळणे निराळे. दहा-पंधरा दिवस म्हणजे नक्की किती, हे मला पाहायचे होते.

पडवीतला ढोल

मी भंगारवाल्याकडून एका जुन्या यंत्राची पाव अश्वशक्तीची मोटार आणली आणि आमच्या गल्लीतल्या लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी आधी विचारले, "बाई, हे कशासाठी?" मी सांगितले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिले आणि मग कागद पुढे ओढला.

हिशेब त्यांनीच मांडला. मोटार मिनिटाला १४४० फेरे फिरते. एवढ्या वेगाने ढोल फिरवला तर दगड ढोलाच्या भिंतीला चिकटून गरगरत राहतील, घासणार नाहीत. फार हळू फिरवला तर तळाशी नुसते घसरतील. दगड भिंतीबरोबर अर्ध्याहून थोडे वर चढले पाहिजेत आणि तिथून थरासारखे खाली घरंगळले पाहिजेत. म्हणून मोटारीला २ इंची पुली, शाफ्टला १२ इंची. वेग सहाव्या हिश्शावर आला, २४० फेरे. शाफ्टवर रबरी नळी चढवून त्याची जाडी २५ मिलिमीटर केली आणि त्यावर १६० मिलिमीटरचा ढोल ठेवला. ढोल मिनिटाला ३७-३८ फेरे घेऊ लागला. शाफ्टला समांतर दुसरा दांडा मोकळा फिरणारा. ढोल या दोघांच्या मधे नुसता टेकलेला, कुठे जोडलेला नाही. त्यामुळे तो उचलून उघडता येतो.

ढोलाचे एक तोंड कॅप चिकटवून कायमचे बंद केले, दुसऱ्याला रबरी टोपण आणि स्टीलची क्लिप. आतून सायकलच्या ट्यूबचे अस्तर. त्याने आवाज कमी झाला आणि दगडांना तडे जायचेही थांबले.

यंत्र झाले, पण खरे शिक्षण ते चालवताना झाले. ढोल दोन तृतीयांश भरावा लागतो. कमी भरला तर दगड उंचावरून आपटून फुटतात, काठोकाठ भरला तर हलतच नाहीत. आधी ८० नंबरची पावडर, मग २२०, मग ६००, शेवटी काच चमकवणारे वापरतात ती सेरियम ऑक्साइडची पूड. दर टप्प्याला दगड, ढोल, टोपण सगळे धुऊन काढायचे. एकदा मी टोपणाची खाच पुसायची विसरले. ८० नंबरचे चार कण पुढच्या टप्प्यात गेले आणि आठवडाभराचे काम ओरखड्यांनी भरले. पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या महिन्यात एका रात्री आतल्या दाबाने टोपण उडाले आणि पडवीभर राखाडी गाळ पसरला. तेव्हापासून रोज संध्याकाळी क्लिप सैल करून हवा सोडते. गाळ मोरीत ओतायचा नाही, तो नळात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्यायचा आणि खाली उरलेला वेगळा टाकायचा. बेअरिंगमध्ये दर महिन्याला तेल, पट्टा सैल झाला की मोटार अर्धा इंच मागे. शाफ्टवरची रबरी नळी झिजली की ढोल जागच्या जागी घसरू लागतो, म्हणून तीही अधूनमधून बदलायची. वीज जाऊन आली की आधी ढोल हाताने हलवायचा, कारण तोवर पावडर तळाशी बसलेली असते.

साडेचार किलो दगड घातले होते. पाच आठवड्यांनी साडेतीन किलोच्या आसपास बाहेर आले. ओल्या कपड्याने पुसून मी एक खिडकीच्या उजेडात धरला. वळ्या आरपार दिसत होत्या. तेरच्या पेटीतली चमक तीच होती.

त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. यंत्राने वेळ वाचवलेलाच नाही. माझ्या ढोलाला पाच आठवडे लागले. खंबायतची पिशवी आधी घासून घेतलेल्या मण्यांसाठी असते, त्या तेवढ्या कामालाही माझे दोन आठवडे जातातच. दगड दोन हजार वर्षांपूर्वी जितका हट्टी होता तितकाच आजही आहे. मोटारीने वाचवले ते समोरासमोर बसून पट्टा ओढणाऱ्या दोन माणसांचे खांदे. वीज आल्यावर खंबायतमध्येही पिशव्या गेल्या आणि फिरते ढोल आले.

ढोलात न मावणारे काम

इथेच लेख संपवता आला असता. पण माझ्याच हातून एक चूक झाली होती, ती सांगायला हवी.

मोठ्या गारगोट्या ढोलात मावत नाहीत म्हणून सुरुवातीला मी हातातल्या ग्राइंडरने त्या कापत असे. कोरड्या, पडवीतच. संध्याकाळी तुळशीच्या पानांवर पांढरी पूड बसलेली दिसे. मी पाणी घालून पाने धुऊन टाकी. आठवडाभर खोकला राहिला, तो मी हवेवर घातला.

पुढे खंबायतवर वाचत गेले तेव्हा ती पांढरी पूड काय होती ते समजले. अकीक म्हणजे जवळजवळ सगळी सिलिका. तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल रुतते, तिथे व्रण धरतो आणि श्वास हळूहळू आखडत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर इलाज नाही. क्षयासारखाच दिसतो, म्हणून पुष्कळदा क्षयाचीच औषधे चालू राहतात. शिवाय अशा फुप्फुसाला खरा क्षय होण्याचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कामगारांत हा रोग तपासून नोंदवला आहे.

ढोल आला, मग धूळ का राहिली? कारण ढोल फक्त गुळगुळीत करतो, आकार देत नाही. मणी गोल हवा, लंबगोल हवा, सहा पैलूंचा हवा, तर तो हातात धरून चाकावर घासावाच लागतो. पूर्वी हे काम दगडी पाट्यावर पाण्याबरोबर हाताने चाले. त्याला विजेचे चाक आले, काम कैक पटींनी वेगात होऊ लागले आणि धूळही तितकीच वाढली. ज्या विजेने पिशवी ओढणाऱ्याचे खांदे वाचवले, तिनेच चाकावर बसणाऱ्याचा श्वास घेतला. काम बहुधा घरातच, त्यामुळे धूळ घरातल्या बायकामुलांच्याही वाट्याला येते. आणि घरात बसून नगावर मजुरी घेणारा माणूस कारखाना कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही.

माझा ढोल निर्धोक आहे, कारण त्यात पाणी आहे. चाकावर पाण्याची धार सोडली, धूळ ओढून घेणारा पंखा बसवला, तर तिथेही धोका पुष्कळ कमी होतो. यात न समजण्यासारखे काही नाही. खर्च कोणी करायचा, एवढाच प्रश्न आहे. मी ग्राइंडर लेथवाल्या काकांना देऊन टाकला. मावतील तेवढेच दगड आता वेचते आणि सांडलेली पावडरही ओल्या फडक्यानेच पुसते. मला हे परवडते. माझे पोट मण्यांवर नाही.

इतिहास लिहिताना आपण माल मोजतो: किती गाड्या, किती दिवसांची वाट, कुठले बंदर. त्या मुलाला आज उत्तर देता आले असते. बाळा, गाडीतून दगड जात नव्हता. दगड फुकटच होता. जात होते ते त्याला घासणाऱ्यांचे दिवस, आणि कदाचित त्यांचे श्वासही. भडोचला भाव मिळाला तो त्याचा.

जत्रेत किंवा दुकानात अकिकाची माळ हातात आली तर सगळे ती उजेडात धरून पाहतात. तशी जरूर पाहावी. मग दुकानदाराला एक विचारावे, हे मणी ओले घासलेत की कोरडे? त्याला बहुधा सांगता येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर तो पुढे कुणाला तरी विचारील.

पडवीत नवा घाणा लावला आहे. आज त्याचा अकरावा दिवस.