दुसरे सभागृह आणि चांद्याचा मुलूख



वर्धा नदीच्या खोऱ्यात माजरी नावाचे रेल्वेचे जंक्शन आहे. वणीकडे जाणारा फाटा येथून फुटतो आणि भोवताली कोळशाच्या खाणी आहेत. कायदेमंडळाचा इतिहास सांगण्यास हे स्थळ आडवळणाचे वाटेल. परंतु वरिष्ठ सभागृह असावे की नसावे, ह्या वादाचे दोन्ही पक्ष ह्या मुलखाने अनुभवले आहेत.

चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे, राजधानी नागपूर. १९३५ च्या कायद्याने अकरा प्रांतांपैकी सहांना दोन सभागृहे दिली: मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार व आसाम. नागपूरला एकच, ११२ सभासदांचे. मुंबईच्या वरिष्ठ सभागृहात सभासद जेमतेम तीस. त्यांपैकी तीनचार गव्हर्नराने नेमावयाचे, बाकीचे निवडून यावयाचे. पण निवडणारे कोण, तर बहुतेक मोठे करदाते, जमीनजुमल्याचे धनी आणि पदवीउपाधींचे मानकरी. खाली लोक फार उसळले तर वर कोणी शहाणे बसलेले असावेत, हा राज्यकर्त्यांचा हिशेब. नागपूरकरांच्या वाट्यास हे शहाणपण आले नाही, आणि त्यांना ते हवेही नव्हते, हे पुढे दिसून आले.

घटनासमितीपुढे हा प्रश्न आला तेव्हा एक न्याय्य तोड निघाली. प्रत्येक प्रांताच्या प्रतिनिधींनी आपापल्यापुरते ठरवावे, असे झाले. मुंबई, मद्रास, पश्चिम बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार व पूर्व पंजाब ह्यांनी दुसरे सभागृह मागितले. मध्यप्रांत, आसाम व ओरिसा ह्यांनी नको म्हटले. डॉ. आंबेडकर ह्यांनी १९४९ साली ह्या सभागृहांस केवळ एक प्रयोग म्हटले, आणि प्रयोग फसल्यास तो आवरता यावा अशी सोय घटनेत ठेविली. ती आजचे १६९ वे कलम होय: विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा, संसदेने साध्या कायद्याने परिषद मोडावी अथवा उभारावी. 

पुढे गंमत अशी झाली की १९५२ साली एका सभागृहासाठी मत देणारा चांद्याचा मतदार, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेल्यामुळे, घरबसल्या दोन सभागृहांच्या राज्यात आला. ह्या एका बाबतीत त्याला कोणी विचारले नव्हते.

आता ह्या दुसऱ्या सभागृहाशी त्याचे नाते पाहा. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा. ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सभासद, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. खाणीत उतरणारा कामगार पदवीधर नसला तर त्याला थेट मत नाही. जिल्हा परिषद व नगरपालिका ह्यांच्या सभासदांस मत आहे. ग्रामपंचायतीच्या पंचास नाही. शिक्षकांतही माध्यमिक शाळेपासून वरच्यांचाच विचार. प्राथमिक शाळेचे गुरुजी बाहेर! १९३५ सालची श्रीमंतीची कसोटी गेली आणि तिच्या जागी शिक्षणाची व पदाची आली, एवढाच फरक मला दिसतो. स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या तेव्हा त्या वाट्याच्या कित्येक जागाही रिकाम्या राहिल्या.

नेमणुकीची कथा निराळी. साहित्य, शास्त्र, कला, सहकार व समाजसेवा ह्यांतील जाणत्यांसाठी त्या बारा जागा आहेत. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर असे कवी त्यांवर बसले, आणि महानोर तेथे शेती व पाण्याविषयी बोलत. निवडणुकीच्या धुळीत अशी माणसे क्वचितच उतरली असती. परंतु नोव्हेंबर १९२० नव्हे, अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे धाडली आणि राजभवनातून निर्णयच आला नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सात नेमणुका झाल्या, तोवर जागा रिकाम्या होत्या. जे सभागृह अपुऱ्या संख्येने चालते आणि कोणाचे काही अडत नाही, त्याची गरज काय, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे जड जाते. अडविण्याची सत्ताही थोडीच: साधे विधेयक पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी एक महिना, अर्थविधेयक चौदा दिवस.

तरीही एक नाव मला थांबविते. वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी प्रथम सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे अजमावली. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ चा देशव्यापी कायदा त्याच वाटेने आला. हे श्रेय सभागृहाचे की माणसाचे, ह्याचा वाद घालता येईल. मला वाटते, पक्षाच्या रोजच्या धकाधकीपासून दूर, एका विषयाचा अठरा वर्षे पाठपुरावा करण्यास तेथे निवांतपणा होता, एवढे सभागृहाच्या पदरात टाकावे. म्हणून मी मोडण्याच्या पक्षाचा नाही. मतदारयादीत ग्रामपंचायतीचे पंच व प्राथमिक शिक्षक घ्यावेत आणि नेमणुकीस मुदत घालावी, ह्या पक्षाचा आहे.

इतरांनी निराळे केले. पश्चिम बंगालने १९६९ साली, पंजाबने त्यापाठोपाठ, तामिळनाडूने १९८६ साली परिषद मोडली. आंध्राने १९८५ साली मोडली, २००७ साली पुन्हा उभारली, २०२० साली मोडण्याचा ठराव केला आणि २०२१ साली तो मागे घेतला. आणि आपला जुना शेजारी मध्यप्रदेश? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्याच्या नावापुढे परिषद लिहिली गेली. परंतु ती तरतूद अमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही, आणि भोपाळचा कारभार आजही एकाच सभागृहावर चालतो.