रिमलेस टँकचे जोड का उघडतात? दाब, सिलिकॉन आणि ब्रेसिंगचं गणित

रील्समध्ये दिसणारे ते रिमलेस फिश टँक बघून कुणालाही मोह होतो. वर काळी फ्रेम नाही, आडवी पट्टी नाही, नुसती काच आणि पाणी. मग पुढची रील येते: सेकंडहँड ४ फुटी टँक घ्या, ब्लेडने प्लास्टिकची फ्रेम कापून काढा, झाला रिमलेस!

मी आणि माझ्या रूममेटने नेमकं हेच केलं होतं. टँक ४ फूट लांब, दीड फूट उंच, काच ८ मिमीची. नवव्या दिवशी रात्री दीडच्या सुमारास पुढच्या उजव्या कोपऱ्याचा जोड वरून खाली वीतभर उघडला. शंभरेक लिटर पाणी फरशीवर, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या छतात. मासे वाचले, डिपॉझिट गेलं. इंजिनीअरिंगची डिग्री असून हायड्रोस्टॅटिक प्रेशरचं गणित मी नंतर केलं, याची लाज अजून वाटते.

तर ते गणित. पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. टँक पुढून मागे १ फूट आहे की ३ फूट, याने पुढच्या काचेवरचा भार बदलत नाही. ६० सेमी खोलीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० किलोचा दाब असतो, पृष्ठभागावर शून्य. म्हणजे सरासरी ३००. काच १२० सेमी लांब असेल तर तिच्यावर एकूण २१६ किलोचा भार येतो, म्हणजे तीन माणसं आतून सतत रेलून उभी आहेत असं समजा. पाणी ४५ सेमी असेल तर हाच आकडा १२० च्या आसपास येतो, आणि ७५ सेमी असेल तर जवळपास ३४० वर जातो. खोली दुप्पट केली की भार चौपट. म्हणून उंच टँक घेताना दहादा विचार करा. लांबीचा त्रास वेगळा आहे: लांबी वाढली की काच जास्त वाकते.

जोड नेमका कुठे हरतो?

दाब तळाशी सगळ्यात जास्त, म्हणजे जोड तळाशीच उघडणार असं वाटतं. पण रिमलेस टँकमध्ये काचेच्या तीन कडा धरलेल्या असतात आणि वरची मोकळी. त्यामुळे वरच्या कडेचा मधला भाग बाहेर फुगतो. काच मध्ये फुगली की कोपऱ्याशी किंचित फिरते, आणि तिथलं सिलिकॉन आतल्या बाजूने सोललं जायला लागतं. सिलिकॉन सरळ ओढ बऱ्यापैकी सहन करतं, पण सोलण्याला कमजोर असतं. सेलोटेप सरळ ओढून बघा आणि मग एका टोकाने उचलून बघा, फरक लगेच कळेल. आमचा जोड वरून सुटत गेला तो यामुळेच.

फ्रेमचं काम हेच फुगणं थांबवण्याचं असतं. फ्रेमवाल्या टँकची काच फ्रेम गृहीत धरून पातळ निवडलेली असते. फ्रेम काढली की टँक दिसतो रिमलेस, पण काच तीच राहते. खरा रिमलेस बनवणारे जाड काच वापरतात. काचेचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो: ८ ऐवजी १२ मिमी घेतली तर ती ३ पटीहून जास्त कडक होते.

जोडात दुसरा गुन्हेगार म्हणजे बनवणाऱ्याची घाई. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत पक्कं होत जातं, दिवसाला साधारण २–३ मिमी. दोन दिवसांत 'भरा पाणी' म्हणणारा कारागीर भेटला तर मान डोलवा आणि आठवडाभर थांबा. दोन काचा एकमेकींवर इतक्या दाबलेल्या नकोत की मध्ये सिलिकॉनच उरत नाही. फोनचा टॉर्च कडेने मारून जोड बघा, बुडबुडे आणि पांढरट पट्टे दिसतात. आतल्या कोपऱ्यात बोटाने फिरवलेली गोल रेघ मुख्य जोडाचं फक्त संरक्षण करते. भार घेतो तो दोन काचांच्या मधला थर.

ब्रेसिंग

दोन प्रकार कामाचे. पहिला युरो ब्रेस: पुढच्या आणि मागच्या काचेला आतून, वरच्या कडेजवळ, लांबीभर ५–८ सेमी रुंद काचेची आडवी पट्टी. पट्टी आडवी असल्याने फुगण्याच्या दिशेने तिची 'जाडी' १२ मिमी नसते, ६ सेमी असते. पुन्हा तोच घन आठवा. दुसरा क्रॉस ब्रेस: मध्यभागी पुढून मागे जाणारी पट्टी. ती दोन्ही काचा एकमेकींना बांधते, म्हणजे मोकळी लांबी जवळपास अर्धी होते. तिची टोकं नुसती काचेला टेकवून चिकटवण्यापेक्षा युरो ब्रेसच्या खालून चढवून चिकटवली तर चिकटायला जागा जास्त मिळते.

ब्रेस भरलेल्या टँकला कधीच लावू नका. काच आधीच फुगलेली असते, आणि सिलिकॉन तिला त्याच फुगलेल्या अवस्थेत धरून ठेवतं.

ॲक्रिलिकचे मोठे टँक वेगळी गोष्ट आहे, पण तिथेही संशय जोडाकडे जातो. बर्लिनच्या हॉटेलातला ॲक्वाडोम १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटला, सुमारे १० लाख लिटर पाण्यासकट. तज्ज्ञांच्या अहवालात तीन शक्यता होत्या: चिकटवलेल्या जोडात बिघाड, दुरुस्तीच्या काळात पडलेली खाच, किंवा रिकामा टँक उशिरा भरल्याने वाळलेलं ॲक्रिलिक. एकच कारण पक्कं ठरलं नाही.

घरी काय करायचं? रिमलेसचा तळ थेट स्टँडवर टेकतो, त्यामुळे खाली फोम किंवा थर्माकोल हवाच, आणि स्टँड लेव्हलमध्ये. वरच्या कडेला दोरा ताणून मध्यभागी किती फुगलंय ते मोजा: भरल्यावर लगेच, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. आकडा वाढतच असेल तर पाणी काढा. चारही कोपऱ्यांचे फोटो महिन्यातून एकदा काढून जुन्यांशी ताडून बघा.

जोडात पांढरी रेघ किंवा थेंब दिसला तर आधी टँकचं लाइट-पंपाचं कनेक्शन बोर्डवरून बंद करा, मग पाणी अर्ध्यावर आणा. भार एकदम चौथ्या हिश्शावर येतो आणि मासे हलवायला वेळ मिळतो. वरून नवीन सिलिकॉन फासू नका, ते जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. काच सुटी करून, जुनं सगळं ब्लेडने खरवडून, ॲसिटोनने पुसूनच पुन्हा जोडावी लागते. आम्ही तेच केलं, १२ मिमीची पुढची-मागची काच आणि युरो ब्रेस टाकून. रीलमध्ये पट्टी दिसते, पण काकू आता जिन्यात भेटल्या की बोलतात.