व्हिक्टोरियन काळातील सुयांच्या पितळी डब्या

* सुयांची पितळी डबी : इंग्लंडमधील रेडिच हे सुयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या डब्ल्यू. एव्हरी अँड सन यांच्या फुलपाखरू, एकचाकी ढकलगाडी, मधमाश्यांचे पोळे अशा घाटांच्या डब्या आज संग्राहक शोभेच्या वस्तू म्हणून जपतात. पण एवढ्याने त्यांची ओळख पुरी होत नाही. या डब्या मुळात माल खपवण्याचे साधन होत्या. अनेकींवर सुया विकणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव ठसवलेले असते. नमुन्याची नक्कल होऊ नये म्हणून शंकरपाळ्याच्या आकाराची नोंदणीमुद्राही आढळते. १८७८ मध्ये लंडनला थेम्सकाठी ‘क्लिओपात्राची सुई’ हा इजिप्तचा स्तंभ उभारला गेला. त्या घाटाचीही डबी निघाली, ती लोकांच्या तोंडी असलेल्या विषयाचा लाभ उठवण्यासाठीच. फुलपाखरात वा पोळ्यात कोणती ताजी घटना आहे, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. मात्र गिऱ्हाइकाची नजर वेधायला घटनाच लागते असे नाही, ओळखीचा सुबक घाटही पुरतो. शिवाय खटका सरकवताच हव्या क्रमांकाच्या सुया वर आणणाऱ्या चौकप्पी डब्या पाहिल्या, की कारागिरांनी सोयीचाही तितकाच विचार केला होता हे पटते. म्हणून या डब्यांकडे शिवणकामाबरोबरच व्यापाराच्या इतिहासाचा पुरावा म्हणूनही पाहायला हवे.