शेतीसंरक्षण बंदूक परवाना (सिंधुदुर्ग)

उभ्या पिकाची राखण करण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली शेतकऱ्याला मिळणारा बंदुकीचा परवाना. सिंधुदुर्गात तो जिल्हादंडाधिकारी पोलीस अहवाल मागवून देतात. नागरिकाजवळ शस्त्र असावे की नाही, हा वाद एरवी गुन्हेगारी आणि आत्मसंरक्षण यांभोवती फिरतो. मालवण-कुडाळच्या पट्ट्यात त्याच्या मुळाशी रानडुक्कर आणि माकड आहेत. १९३१ च्या कराची काँग्रेसने शस्त्र बाळगणे हा नियमाधीन हक्क मानला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. त्यामुळे इथली बंदूक हक्काची नाही, परवान्याची आहे. तरीही १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याला वेगळे काढले: कलम १३ प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि नाकारण्याजोगे कारण नसेल, तर परवाना द्यावा, ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे गजाने ठासायचे आणि केप बसवून बार काढायचा. एका बारानंतर हे सगळे पुन्हा करावे लागते. पावसात दारू सर्दावली तर बार उडतच नाही. दंगलीत किंवा दरोड्यात अशा हत्याराचा फारसा उपयोग नाही, आणि कायद्याने ते शेतीचे अवजार मानले ते याच समजुतीने. प्रत्यक्ष कारभारात मात्र ही समजूत टिकत नाही. निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा जातात. विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला व २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले, म्हणजे भात कापणीला आलेले असताना. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला. काजू-आंब्याचा सगळा हंगाम त्यात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सरसकट जमा करण्याला आक्षेप घेऊन प्रत्येक परवानाधारकाची छाननी समितीने स्वतंत्र तपासणी करावी, असे सांगितले आहे. जामिनावर सुटलेला किंवा दंगलीत नाव असलेला माणूस आणि नाचणीची राखण करणारा शेतकरी यांना एकच नोटीस देणे अन्यायाचे आहे.

यावर आक्षेप असा, की राखणीच्या नावाखाली शिकार होते. तो खरा आहे आणि हलका नाही. परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते आणि ती न घेता डुक्कर पाडणे हा गुन्हाच. पण बंदूक काढून घेतल्याने शिकार थांबेल, हे अनुमान चुकीचे आहे. बंदुकीची जागा फासकी आणि वीज सोडलेली तार घेते. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकल्याच्या घटना कोकणात वारंवार घडतात. बंदुकीवर क्रमांक असतो, तिच्या मालकाचे नाव दप्तरी असते. फासकीला दोन्ही नसते. शिवाय हवेत काढलेल्या बारानेही कळप पांगतो. नुकसानभरपाईचा मार्ग आहे, पण माकडांनी पाडलेल्या कोवळ्या नारळांचा पंचनामा रोज कोण करणार?

वन्यजीव कायद्याचे कलम ३४ दुर्लक्षित आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने नोंदणी करावी आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीनेच द्यावा, असे ते सांगते. जमिनीवरचे आणि समुद्रातले अभयारण्य असा भेद त्यात नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. म्हणजे प्रवाळ आणि मासे यांच्यासाठी केलेल्या घोषणेचा भार कलमाच्या शब्दानुसार किनाऱ्यावरच्या माडाच्या बागांवरही येतो. ही तरतूद जंगली अभयारण्यांपुरती ठेवावी.

नूतनीकरण : २०१९ च्या दुरुस्तीपासून दर ५ वर्षांनी.



इतरत्र : कर्नाटकातील कोडगूत कोडव समाजाला व जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना परवान्यातूनच सूट असून ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. केरळने २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. गोळी मात्र नेमलेल्या परवानाधारकानेच झाडायची असते. सिंधुदुर्गाला जवळचा नमुना हा दुसरा, कारण त्यात परवाना कायम राहतो आणि निर्णय गावाजवळ येतो.