न उतरणारी बॅटरी

पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी मुलाखती चालल्या होत्या आणि परीक्षकांत आम्हीही होतो. तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका मुलाने फायलीतून वर्तमानपत्राचे कात्रण काढून टेबलावर ठेवले. इंधनाशिवाय वीज निर्माण केल्याची ती बातमी होती. सोबत त्याच्या सरांचे शिफारसपत्र. यंत्र अगदी साधे होते. स्कूटरच्या बॅटरीवर मोटर फिरते, मोटर पट्ट्याने डायनामो फिरवते, डायनामोच्या विजेवर दिवा लागतो आणि उरलेली वीज परत बॅटरीत जाते. त्यामुळे बॅटरी उतरतच नाही, असा दावा. विज्ञान प्रदर्शनात दिवा दोन तास जळत राहिला आणि पहिले बक्षीस मिळाले.

आमच्यातल्या एकाने कात्रण परत सरकवत विचारले, “ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कितवीत शिकलास?” मुलगा गोरामोरा झाला. आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

नियमाचा हवाला देऊन असे यंत्र फेटाळणे सोपे असते. पण अशी यंत्रे फेटाळायला सुरुवात झाली तेव्हा हा नियम नव्हताच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठरवले की, यापुढे सतत आपोआप फिरणाऱ्या कोणत्याही यंत्राची तपासणी करायची नाही. या नादापायी अनेक कारागिरांचा पैसा आणि बुद्धी वाया गेली, कुटुंबे धुळीला मिळाली, हे अकादमीने दिलेले एक कारण होते. स्वप्न तर फारच जुने. आपल्या भास्कराचार्यांनीही ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. शतकानुशतके कोणाचेच चाक फिरत राहिले नाही, एवढा अनुभव अकादमीच्या गाठीशी होता. का फिरत नाही, याचे पूर्ण उत्तर मात्र आणखी सत्तर वर्षांनी मिळायचे होते.

ते ज्यांच्यामुळे मिळाले त्यांच्यात मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमधला, मद्य गाळणाऱ्या एका कारखानदाराचा मुलगा होता: जेम्स प्रेस्कॉट जूल. जन्म १८१८चा. तो कोणत्याही विद्यापीठात शिकला नाही. जॉन डाल्टनकडे काही काळ गणित आणि विज्ञान शिकला, एवढेच त्याचे उच्च शिक्षण. जानेवारी १८३८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने आपल्या विद्युतचुंबकी यंत्राचे वर्णन एका नियतकालिकाला पाठवले. विजेच्या मोटरचे तेव्हा युरोपभर वेड होते. घटांतून वीज घ्यावी, चुंबकांची रचना सुधारत जावे, म्हणजे जवळजवळ फुकटात हवी तेवढी शक्ती मिळेल, अशी अनेकांची समजूत होती. जूलही त्याच पंथाचा. प्रवाह वाढवला की चुंबकांमधले आकर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याला मोजून दिसले होते. मग घटात जस्त थोडेसे जास्त खर्चून काम कितीतरी पट का मिळू नये? वाफेच्या इंजिनाची जागा एक दिवस वीज घेणार याबद्दल त्याला शंका नव्हती. म्हणजे आमच्यासमोर बसलेल्या मुलाहून तो फार वेगळा नव्हता.

वेगळेपण होते ते त्याच्या वहीत. त्याने जस्ताचा हिशेब ठेवला. किती जस्त विरघळले आणि तेवढ्यात किती वजन किती उंच गेले, हे तो लिहीत गेला. मोटर वेगाने फिरू लागली की तिच्यातच उलटा विद्युतदाब तयार होतो आणि प्रवाह कमी होतो, हे त्याच्या ध्यानात आले. फेब्रुवारी १८४१ मध्ये मँचेस्टरला दिलेल्या व्याख्यानात त्याने आकडे मांडले. एक पौंड जस्तातून मिळालेले काम ३,३१,४०० फूट-पौंड. कॉर्नवॉलच्या खाणींवरची उत्तम वाफेची इंजिने एक पौंड कोळशात सुमारे १५,००,००० फूट-पौंड काम करत. शिवाय जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. आपण जवळजवळ निराश झालो आहोत, अशी कबुली त्याने त्याच व्याख्यानात दिली.

इथे दुसरा कोणी यंत्र माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. जूलला तारेत निर्माण होणारी उष्णता दिसत होती. ती किती, हे त्याने १८४० मध्येच मोजले होते. १८४३ साली त्याने यंत्र उलटे चालवले. म्हणजे वजनांच्या साह्याने डायनामो फिरवला, त्याचे वेटोळे पाण्यात बुडवले आणि पाणी किती तापले ते पाहिले. खर्चलेले काम उष्णतेच्या रूपाने हाती लागले. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला सरासरी ८३८ फूट-पौंड काम, हा त्याचा पहिला आकडा. पुढे सुधारून तो ७७२ झाला. ऊर्जेच्या अक्षय्यतेला भक्कम आधार मिळाला तो असा, फसलेल्या मोटरच्या पाठोपाठ. रॉबर्ट मायर या दुसऱ्या शिल्पकारानेही दहा-एक वर्षांचा असताना ओढ्यात पाणचक्की लावून सतत चालणारे यंत्र करू पाहिले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

अर्थात प्रत्येक चाकवाल्यात जूल दडलेला असतो, असे आम्हाला म्हणायचे नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन कीलीने अद्भुत शक्तीच्या यंत्रावर भागधारकांचा पैसा पंचवीसएक वर्षे घेतला आणि नीट मोजमाप कधीच करू दिले नाही. १८९८ मध्ये तो वारल्यावर त्याच्या प्रयोगशाळेच्या तळघरात दाबाखालची हवा साठवण्याजोगा भला मोठा पोलादी गोळा निघाला.

त्या मुलाला आम्ही शेवटी एकच प्रश्न विचारला. “तुझा दिवा दोन तास जळला. मोटर आणि डायनामो काढून तोच दिवा त्याच बॅटरीला थेट जोडला असता, तर किती वेळ जळला असता?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तसं करून पाहिलं नाही, सर.”

बक्षीस देणाऱ्यांनी, बातमी छापणाऱ्यांनी आणि शिफारस करणाऱ्या सरांनीही हे विचारले नव्हते. मोटर आणि डायनामो दोन्ही ८० टक्के कार्यक्षम धरले, तरी बॅटरीतून निघालेल्या शंभर भागांतले चौसष्टच परत येतात. खेळण्यातल्या मोटरचे तर विचारूच नका. पण हे गणित आम्ही त्याला फळ्यावर करून दाखवले नाही. एकसारख्या दोन बॅटऱ्या पूर्ण भरून घे आणि घड्याळ लावून बस, एवढेच सांगितले.

त्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला नाही. गुण कमी पडले, आणि त्यांत आम्ही दिलेले गुणही होते. महिन्याभराने त्याचे पत्र आले. आखलेल्या कागदावर दोन रकाने होते. यंत्रासह दिवा २ तास १० मिनिटे जळला होता, नुसता दिवा ९ तासांहून अधिक. खाली त्याने लिहिले होते, “सर, पट्टा आणि मोटर हाताला चांगली गरम लागतात. हे आधी लक्षात आलं नव्हतं. हे मोजायला कोणता थर्मामीटर घेऊ?”