श्राव्यातीत प्रवाहमापक

माणसाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे २०,००० हर्ट्‌झच्या वरच्या ध्वनीने जलवाहिनीतील पाण्याचा वेग मोजणारे उपकरण. बाजारात आणि पाणीपुरवठ्याच्या कामावर त्याला ‘अल्ट्रासॉनिक मीटर’च म्हणतात. घरच्या जुन्या मीटरमध्ये पाण्याच्या लोटाने चक्र फिरते व आकडे पुढे सरकतात. यात मात्र फिरणारे, झिजणारे किंवा गाळाने अडकणारे काहीच नसते.

यामागचे तत्त्व होडीवाल्याला न शिकवता कळेल. प्रवाहाबरोबर जायला वेळ कमी लागतो, प्रवाहाविरुद्ध जास्त. वाहिनीच्या दोन बाजूंना, तिरक्या रेषेत समोरासमोर, दोन संवेदक असतात. त्यांतील चकती विजेने थरथरते आणि थरथर पोहोचली की वीज निर्माण करते. हा दाबविद्युत गुणधर्म; त्यातील दाबाने वीज निर्माण होण्याची बाजू प्येर व झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिली. या गुणधर्मामुळे प्रत्येक संवेदक आळीपाळीने ध्वनी सोडतो आणि टिपतो.

वाहिनी १०० मिमी व्यासाची, ध्वनीची वाट ४५ अंशांत तिरकी आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरू. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, म्हणून एका खेपेला जेमतेम ९५ मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही दिशांच्या खेपांतला फरक उरतो सुमारे ९० नॅनोसेकंदांचा! मीटरची खरी कारागिरी तो अचूक पकडण्यात आहे. दोन वेळांचे व्यस्तांक वजा केले, की ध्वनीचा वेग गणितातून निघून जातो; पाणी थंड असो वा कोमट, उत्तर बिघडत नाही. वेगाला आतल्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले, की प्रवाह मिळतो. व्यास भरताना १ टक्का चुकला, तर क्षेत्रफळ २ टक्के चुकते.

मोजलेला प्रवाह पुढे कळवण्याची सर्वांत साधी रीत स्पंदांची : ठरावीक लिटरमागे एक स्पंद. दुसरी, ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाची. पाण्याचा प्रवाह शून्य असला तरी तारेतून ४ मिलिअँपिअर वाहतात. त्यामुळे शून्य आले, तर पाणी थांबलेले नसून तार तुटली आहे हे नियंत्रण कक्षात लगेच समजते. १२ म्हणजे ठरवलेल्या कमाल प्रवाहाच्या निम्मा.

सांडपाण्यात कण आणि बुडबुडे ध्वनी विखुरतात. तेथे त्यांच्यावरून परतलेल्या ध्वनीची बदललेली वारंवारता मोजणारा डॉप्लर प्रकार वापरतात.

मीटर वळणाला किंवा व्हॉल्व्हला खेटून बसवू नये. अलीकडे व्यासाच्या १० पट आणि पलीकडे ५ पट सरळ वाहिनी असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. आडव्या वाहिनीवर संवेदक बाजूंना लावतात, कारण माथ्याला हवा साचते आणि तळाला गाळ. ठरावीक तासच पाणी येणाऱ्या वस्तीत पाण्याआधी सुटणाऱ्या हवेने चक्राचा मीटर फिरतो. अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये मात्र हवेतून पलीकडे पुरेसा ध्वनी पोहोचत नाही, आणि तो ‘वाहिनी रिकामी’ अशी नोंद करतो.